मॅडमच्या नावावरचा शेरा

गेल्या महिन्यात गडचिरोलीहून फोन आला, शकुंतला मॅडम गेल्या. आठवडाभराने कॉलेजात शोकसभा झाली. तिथे एक निवृत्त साहेब हार घातलेल्या फोटोकडे हात करून म्हणाले, "मॅडमनी प्रयोगशाळेतली यंत्रं पोटच्या लेकरासारखी जपली. कोणाला हात लावू दिला नाही." माझं डोकंच फिरलं. अहो, हात लावू दिला म्हणून तर तुम्ही त्या बाईला जन्मभर छळलंत!

मॅडमचा जन्म पन्नासच्या दशकातला, आलापल्लीच्या एका वनरक्षकाच्या घरातला. आम्ही त्यांच्याकडे शिकलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कॉलेजात ८०८५ मायक्रोप्रोसेसरची चार किटं आली होती, आणि आल्या दिवसापासून कपाटात होती. बिघडली तर जबाबदारी कोणाची? त्यामुळे असेम्ब्ली भाषा, म्हणजे प्रोसेसरला एकेक पायरी छोट्या आज्ञांत सांगायची विद्या, पोरं फळ्यावरून उतरवून पाठ करायची आणि पास व्हायची. धानाची रोवणी कोणी फळ्यावर शिकवतं का? मॅडमनी सहा महिने अर्ज केले, आणि एक दिवस स्वतःच्या सहीवर कपाट उघडलं.

मी चामोर्शीचा, धानाच्या बांधीतल्या चिखलातून उठून आलेला. किटच्या त्या इवल्या बटणांवर बोट ठेवायची हिंमत होईना. "काऊन भेऊन राह्यला? दाब ना," मॅडम म्हणायच्या, "पण आधी सांग, ए मंदी काय हाय?" ए म्हणजे प्रोसेसरच्या पोटातला एक कप्पा, बी म्हणजे दुसरा.

"पाच हाय जी."

"अन् बी मंदी?"

"तीन."

"मंग दाब."

वहीतल्या प्रत्येक आज्ञेचा आकडा तक्त्यात शोधायचा, एकेक टाकत जायचं. मध्येच लाइट गेली की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी लाल अक्षरांत आठ उमटला तेव्हा मी ओरडलोच. पाच नि तीन आठ, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण ते मी यंत्राकडून करवून घेतलं होतं...

पुढच्याच आठवड्यात नको तो शहाणपणा केला. मॅडम यायच्या आत मी किट क्रमांक तीनला विजेच्या तारा जोडल्या. लाल-काळी उलटी. जळका वास सुटला, किट गेलं. मला रडूच फुटलं. कॉलेजातून काढलं असतं तर बाप दुसऱ्या दिवशी नांगराला जुंपणार होता. मॅडमनी शांतपणे तारा सोडवल्या. "मले विचारतीन. तू तोंड नको उघडू."

कारणे दाखवा नोटीस आली. किट आपल्याच हातून जळालं, असं मॅडमनी लिहून दिलं. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे 'हलगर्जीपणा' असा शेरा पडला. त्या एका शेऱ्यावर ह्या साहेबलोकांनी त्यांची बढती दोनदा अडवली. उरलेली तीन किटं पुन्हा कपाटात गेली, आणि पुढच्या पोरांनी ती पाहिलीसुद्धा नाहीत. ह्याला म्हणे जपणं!

मी मात्र त्याच विद्येवर नोकरी केली, आणि तोंड उघडलं नाही. साहेबांवर चिडलो खरा, पण शोकसभेतही खुर्चीला चिकटूनच बसलो. लाज वाटते सांगायला. मॅडम निवृत्त झाल्यावर एकदा विषय काढला होता, तर हसल्या. "जाऊ दे ना रे. तू शिकला ना?"

नाही जाऊ देणार. परवा प्राचार्यांना भेटलो, म्हटलं, तो शेरा खोडा, माझं नाव लिहा. ते म्हणाले, "भाऊ, ते रजिस्टर कधीचंच रद्दीत गेलं. आता कुठी लिहू?"

म्हणून इथे लिहितो. किट क्रमांक तीन शकुंतला मॅडमनी जाळलं नाही. मी जाळलं. सुधाकर, चामोर्शी.