आभाळाच्या वाट्याचं पाणी

त्यांचं आडनाव पारे नव्हतं. पण जो माणूस सत्तावीस वर्षं रोज सकाळी साडेआठला आणि दुपारी अडीचला पारा किती चढला ते बघायला अंगणात जातो, त्याला गाव दुसरं काय म्हणणार? पारेकाका. वाटेत कुणी सहज म्हणालं, "काय काका, आज फार उकडतंय नाही?" तर ते नुसतं हो म्हणत नसत. "अडतीस पूर्णांक चार," म्हणत. आणि विचारणाऱ्याला उगाचच आपलं काहीतरी चुकलं असं वाटत राही.

गावाबाहेरच्या टेकाडावर त्यांचं हवामान केंद्र होतं. म्हणजे दोन खोल्यांचं सरकारी घर आणि पुढे तारेचं कुंपण घातलेलं अंगण. अंगणात चार पायांवर उभी एक पांढरी, झडपांची पेटी, तिच्यात तापमापक. एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. तो गंजल्यामुळे दिशा जरा विचार करून दाखवी. आणि मधोमध एक पत्र्याचं भलंमोठं, चार फूट रुंद, वीतभर खोल पात्र. सरकारी कागदात त्याला बाष्पीभवन पात्र म्हणत. काकांची थोरली बहीण त्याला परात म्हणे.

या परातीचं काम एवढंच, की आभाळ रोज किती पाणी पितं ते कळावं. परातीत पाण्याखालून वर आलेलं एक पितळी टोक होतं. रोज सकाळी पाणी त्या टोकाच्या खाली उतरलेलं असे. काका शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसत (गुडघे अलीकडे वाकायला सबबी सांगत) आणि पितळी मापाने टोक नेमकं बुडेपर्यंत पाणी घालत. जेवढं घातलं, तेवढं काल आभाळाने प्यायलं. उन्हाळ्यात सात-आठ मिलिमीटर, थंडीत तीन. मापावरची सगळ्यात लहान रेघ म्हणजे एक दशांश मिलिमीटर. त्याच्याखाली सरकारला तहान कळत नसे.

पाखरांनी तोंड घालू नये म्हणून परातीवर तारेची जाळी होती, आणि तरीही कुणी घातलंच तर लिहायला वहीत शेवटी 'शेरा' नावाचा रकाना होता. पात्र गळलं, जाळी फाटली, जनावर प्यायलं, जे असेल ते तिथं लिहायचं. काकांच्या वह्यांत तो रकाना सत्तावीस वर्षं कोरा होता. त्यांना त्याचा अभिमान होता असं म्हणवत नाही, कारण अभिमान वगैरेंना ते घरात फारशी जागा देत नसत. पण वर्ष संपलं की ते वही मिटण्याआधी तो कोरा रकाना वरपासून खालपर्यंत एकदा बघत, एखाद्याने आपलं झाडलेलं अंगण बघावं तसे.

बहीण, म्हणजे ताई, अकरा वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी राहायला आली होती. ती शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. कापड न मोजता कापणारी बाई. भावाला ती अजून 'बाळ' म्हणे. बाळाचं वय सत्तावन्न.

कुत्र्याचं पिल्लू आलं ते शनिवारी. कुणीतरी खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्याच्या दारात सोडून दिलेलं, मातकट रंगाचं, अडीच महिन्यांचं, पोट बिघडलेलं. दवाखान्याची डॉक्टर मुलगी तरुण आणि तोंडाची फटकळ. काका तिच्याकडे वीज पडून दचकलेल्या एका शेळीची चौकशी करायला गेले होते (वीज हा त्यांच्या खात्याचा विषय) आणि पिल्लू त्यांच्या बुटावर येऊन झोपलं. काका पाऊण तास हलले नाहीत.

"न्यायचंय का?" डॉक्टरने विचारलं.

"म्हणजे, ते झोपलंय," काका म्हणाले.

"उठेल की. हे बघा काका, आठवडाभर न्या. वजन दोन किलो चारशे. पोट बिघडल्यामुळे अंगातलं पाणी कमी झालंय. किलोमागे साठेक मिलिलिटर पाणी दिवसभरात पोटात गेलं पाहिजे. म्हणजे दीडशेच्या आसपास, थोडं थोडं करून. एकदम भसाभस नको, आणि घशात ओतायचं तर मुळीच नाही. पुढच्या शनिवारी वजन करू. वाढलं तर तुमचं. उतरलं तर मी परत घेणार; इथे सलाईन लावता येईल आणि पलीकडे बंगलेवाले घ्यायला तयारच आहेत. त्यांच्याकडे हिरवळ आहे."

काकांनी हिरवळीचा विचार केला. मग म्हणाले, "मोजायचं तर मला जमतं."

ताईने दारातच ऐकून घेतलं. "आठ वर्षांचा असताना तुला काहीतरी हवं होतं," ती म्हणाली, "त्यानंतर आत्ताच बघतेय. आण आत."

आता एखाद्या साध्या माणसाने काय केलं असतं? वाटीत पाणी ठेवलं असतं. काकांनी ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या. दोन्ही स्टीलच्या, एकाच मापाच्या, दोन्हींत तेवढंच पाणी. एक पिल्लाची, दुसरीवर चाळणी पालथी घातलेली. कारण वाटीतलं सगळं पाणी काही पिल्लू पीत नाही, काही हवा पिते. झाकलेल्या वाटीत जेवढं कमी होईल ते हवेचं. उघड्या वाटीत त्याहून जे जास्त कमी होईल ते पिल्लाचं. हिशेब चोख होता.

सोमवारी सकाळी टपालवाला आला. त्याने वाट्या बघितल्या.

"दुसरं पिल्लू कुठाय काका?"

"दुसरं नाही. ती हवेसाठी."

टपालवाला थोडा वेळ चाळणीकडे बघत राहिला. "हवा जाळीतून पिते होय," म्हणाला, आणि सायकल वळवून अगदी सावकाश टेकाड उतरून गेला.

संध्याकाळपर्यंत आकडा आला. उघड्या वाटीतून ऐंशी मिलिलिटर गेलं. त्यातलं चाळीस हवेचं. म्हणजे पिल्लू दिवसाला चाळीस प्यायलं होतं. पाहिजे दीडशे. मंगळवारीही तेच.

"पीत नाही गं ताई."

"कोण म्हणतं? चार वेळा मुतली ती. माझ्या शिवणाच्या पेटीवर एकदा, ते वेगळं."

"चाळीस मिलिलिटर पिऊन चार वेळा?"

"मग तूच सांग कुठून येतं ते. हवेतून ओढून घेते?"

हे ताई चिडवायला म्हणाली होती. पण काकांनी त्यावर खरोखर विचार केला, आणि हवेतली आर्द्रता एकवीस टक्के असल्याने ते शक्य नाही अशा निष्कर्षाला आले.

त्या आठवड्यात ऊन असं पडलं होतं की दुपारी टेकाडाखालचं गाव पाण्यात बुडाल्यासारखं हले. घरांच्या कडा वितळत, रस्ता उचलून आल्यासारखा वाटे, आणि एखादा सायकलवाला बराच वेळ एकाच जागी पाय मारत राही. अशा वेळी काका पडवीत बसून पिल्लाकडे बघत. आजवर त्यांनी जे जे मोजलं होतं, ते त्यांच्यावाचून आपोआप चाललं होतं. पारा त्यांनी चढवला नव्हता, वारा त्यांनी आणला नव्हता. आकडा कमी आला म्हणून कधी कुणाचं काही गेलं नव्हतं. आता एक आकडा कमी येत होता, आणि शनिवार चार दिवसांवर होता.

बुधवारी त्यांनी चूक केली. सुई नसलेली सिरिंज आणून उरलेलं पाणी गालाच्या कडेने, थेंबथेंब, अगदी सभ्यपणे दिलं. साठ मिलिलिटर गेलं. दहा मिनिटांनी पिल्लाने ते सगळं, आणि वर स्वतःच्या पदरचं थोडं, काकांच्या चपलेत ओकून टाकलं.

"पोट टम्म झालं होतं तिचं," ताई म्हणाली. "मी हात लावून सांगितलं असतं. पण मला कोण विचारतंय. मी काय, मला रेघा नाहीत."

संध्याकाळी काकांनी डॉक्टरला फोन केला आणि दोन्ही वाट्यांचे आकडे, सावलीतलं तापमान आणि वाऱ्याचा वेग सांगितला.

"काका, मला हवामान नकोय," ती म्हणाली. "ओतू नका म्हटलं होतं ना? आता जे आहे ते शनिवारी काटाच सांगेल."

गुरुवारी दुपारी अडीचला काका पांढऱ्या पेटीत तोंड घालून तापमापक वाचत होते. त्या अंगणातले सगळे आवाज त्यांना ओळखीचे होते. बाणाची कुरकूर, पत्रा तापल्याची टकटक, तारेवरून सरकणारा वारा. त्यात त्यांना एक नवा आवाज आला. लप, लप, लप. घाई नसलेला.

ते वळले. पिल्लू त्यांच्या बुटक्या स्टुलावर चढून, मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे दोन्ही पाय परातीच्या काठावर ठेवून, जाळीच्या भोकातून जीभ घालून पाणी पीत होतं. परातीत अख्खं आभाळ होतं, पांढुरकं, एका कोपऱ्यात विरलेला ढग. पिल्लाची जीभ गेली की ढग चार ठिकाणी तुटे आणि पुन्हा जुळे. ते थांबे, ढग जुळेपर्यंत बघे, मग पुन्हा पिई.

काकांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या आधी तोंडातून आकडा आला. त्या परातीत एक दशांश मिलिमीटर म्हणजे एकशे चौदा मिलिलिटर. वाटीतले चाळीस त्यात घातले की एकशे चौपन्न. पिल्लाला रोज जेवढं पाहिजे ते त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि त्यातलं जे परातीतून घेतलं होतं ते सत्तावीस वर्षं शेऱ्याविना चाललेल्या वहीत रोज एक रेघ होऊन आभाळाच्या नावावर चढत होतं.

काकांनी पिल्लू उचलून खाली ठेवलं. स्टूल उचलून घरात नेलं.

"काय रे, बसायला घेतलंस का?" ताईने विचारलं. त्यांनी सांगितलं. ती आधी हसली, मग त्यांच्याकडे बघून हसायची थांबली. "मग तेच पाणी वाटीत घाल की."

घातलं. पिल्लाने वास घेतला, वाटीत बघितलं आणि मागे सरलं. ताईने गुडघ्यावर बसून वाटीत डोकावून बघितलं. "चकचकीत आहे ना. आत दुसरं पिल्लू दिसतंय तिला. तिला वाटत असेल, त्याचं पाणी आहे." मग मातीचं भांडं झालं. प्लास्टिकचा वाडगा झाला. ताईने स्वतःचं कपडे भिजवायचं घमेलं दिलं, ही मोठी गोष्ट होती. पिल्लू सगळ्यांशी नम्रपणे वागलं. रोजच्या चाळिसाच्या वर प्यायलं मात्र नाही.

शुक्रवारी सकाळी काकांनी उकिडवं बसून वाचन घेतलं. गुडघ्यांनी तक्रार केली. पिल्लू स्टूल जिथं असे त्या जागेवर जाऊन बसलं. नऊला तिथंच, अकराला तिथंच. ऊन आलं तसं ते परातीच्या सावलीत सरकलं, सावली फिरली तसं फिरलं. दुपारच्या वाचनाला काका गेले, तेव्हा त्याने नुसते डोळे वर केले. जीभ कोरडी होती. ताईने येऊन मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. रोज ती सटकन बसे. आज बसायला वेळ लावला.

"बाळ," ती म्हणाली, "माझं मोजून झालं. तुझं किती राहिलंय?"

काका घरात गेले. टेबलावर वही होती. ती उघडून त्यांनी शेवटचा रकाना बघितला, वरपासून खालपर्यंत, या पानाचा आणि मागच्या पानाचा. किती वेळ बघितला ते त्यांनी मोजलं नाही. चारला थोडे कमी असताना ते स्टूल घेऊन बाहेर आले आणि जुन्या जागी ठेवलं. ते जरा डुगडुगत होतं, तर पायाखाली एक चपटा दगड सारला.

पिल्लू चढलं. लप, लप. पंधरा-वीसदा पिऊन उतरलं, फिरून आलं, पुन्हा चढलं. थोडं थोडं करून, डॉक्टरने सांगितलं होतं तसं. काका पायरीवर बसून राहिले. त्यांना वाटलं, वर इतकं मोठं आभाळ रोज सात मिलिमीटर पितं, त्याला एक दशांश कमी पडलं तर ते कुणाला सांगायला जाणार आहे? पण हा विचार त्यांना लगेच बरोबर वाटेना. आभाळाच्या वतीने कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि त्याचाच पगार ते घेत होते.

शनिवारी साडेआठला त्यांनी वाचन घेतलं, आणि 'शेरा' या रकान्यात, दोन ओळींत मावेल अशा बारीक अक्षरात लिहिलं: 'गेल्या रविवारपासून रोजच्या बाष्पीभवनात ०.१ मि.मी. जनावराने प्यायलेले. ते वजा करावे. जनावर पुढेही पिणार आहे.' शेवटचं वाक्य नियमात नव्हतं. खोडायला हात गेला, पण खोडलं तर ती खाडाखोड होते, म्हणून राहू दिलं.

दवाखान्यात डॉक्टरने पिल्लू काट्यावर ठेवलं. काकांनी आकड्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं, जिथं काही नव्हतं. ताई सोबत आली होती, भाजी घ्यायला जाते असं सांगून. पिशवी मात्र विसरली होती.

"दोन किलो सातशे," डॉक्टर म्हणाली. "बघू, तोंड बघू. हिरड्या ओल्या आहेत. आज किती पाणी प्यायली?"

"आज अजून नाही. काल चारनंतर साधारण एक दशांश."

"एक दशांश काय?"

"मिलिमीटर."

डॉक्टरने ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "तुम्ही लिहून टाका, 'भरपूर'."

डॉक्टरने कार्डावर पिल्लाचा पत्ता म्हणून हवामान केंद्र लिहिलं. बंगलेवाल्यांना ती नंतर कळवणार होती. परत जाताना पिल्लू ताईकडे होतं, कारण काका त्याला घेऊन उलट्याच वाटेला लागले होते, ताई म्हणाली, उन्हाने असेल, आणि ते म्हणाले, "सदतीस पूर्णांक दोनच आहे."

नोंदी टपालाने गेल्या, आणि दोन आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. शेरा अपूर्ण आहे. जनावराचा प्रकार आणि पाणी पिण्याची वेळ कळवावी, म्हणजे सुधारणा करता येईल. काकांनी कळवलं: कुत्रा, मादी. वेळ निश्चित नाही, परंतु सकाळच्या वाचनाच्या सुमारास हमखास.

ते खरं होतं. ते माप घेऊन निघाले की पिल्लू आधी पोचलेलं असे. ते पिऊन उतरलं तरी परातीत बराच वेळ लाटा राहत, काठाला लागून परत येत, टोक दिसे आणि बुडे. हलत्या पाण्यात वाचन घेता येत नाही. मग काका मापावर हात ठेवून, पिल्लू बुटावर घेऊन, परातीतलं आभाळ सपाट व्हायची वाट बघत स्टुलावर बसत. साडेआठचं वाचन आठ चाळीसला होई. आत ताई एकदा गरम केलेला चहा पुन्हा गरम करायला ठेवी.