कल्याणी मंडलचा अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे तर मी नेहमी दुसऱ्यांच्याच चुका सांगत असते. आणि आता सांगतेय तेही मराठीत. का? कारण आमच्या समितीत मराठी वाचता येणारं एकही माणूस नाही. कबुली द्यायची, पण पकडलं जाणार नाही अशा भाषेत — एवढ्यावरून मी काय चीज आहे ते तुम्हाला कळलंच असेल.

मी कोलकात्याची. वडील नोकरीसाठी इथे आले आणि परत गेलेच नाहीत. माझा जन्म इथला, शाळा इथली, पुढे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला तोही इथेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली. आणि बंगाली म्हणजे कशी — आडनाव सांगेपर्यंत समोरच्याला पत्ता लागत नाही. मासळीवाल्यांना, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बायकांना, कुणालाच नाही. मी तरी असंच समजत होते.

निवृत्त झाल्यावर एका ट्रस्टने मला समितीवर घेतलं. वस्तीतल्या माणसांना छोटा धंदा उभा करायला, असलेला वाढवायला, सोबत आणखी चार जणांना काम द्यायला हा ट्रस्ट अनुदान देतो. अर्ज येतात, आम्ही पाच जण ते वाचतो. मग आमच्यापैकी एक जण अर्जदाराच्या घरी जातो, बघतो आणि अहवाल लिहितो. माणूस खरा आहे का, गरज खरी आहे का? त्या एका पानावर सगळं ठरतं.

हे काम मला फार आवडायचं — पुण्य मिळतं म्हणून नव्हे हं. मी गल्लीत शिरले की बायका पदर सारखा करत उभ्या राहायच्या. खुर्ची पुसून द्यायच्या. माझ्या दुप्पट काबाडकष्ट केलेली माणसं माझ्यासमोर पाठ म्हटल्यासारखं बोलायची. आणि बैठकीत? बैठकीत मी त्यांचे अर्ज वाचून दाखवायची. एकाने लिहिलं होतं की तो एगरोलच्या, म्हणजे अंड्याची गुंडाळी विकायच्या, गाडीतून देशाची सेवा करेल. ते मी असं काही हातवारे करून वाचलं की सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. वर्गात ढ मुलींची उत्तरं वाचून दाखवायची सवय होती ना, ती काही सुटली नव्हती. तेव्हा त्या मुलींकडे मी कधी पाहिलं होतं का? नाही. समोरचा वर्ग हसतोय ना, तेवढंच पाहायची.

कल्याणी मंडलचा अर्ज मात्र हसण्यासारखा नव्हता. ती बेहाल्यात, शहराच्या दक्षिण टोकाला, राहायची. घराच्या पुढच्या खोलीत ती आणि पाच बायका मिठाईच्या दुकानांसाठी पुठ्ठ्याचे खोके करायच्या. सगळं हाताने — आखायचं, कापायचं, दुमडायचं. तिला पुठ्ठा कापायचं मशीन हवं होतं. नदीपलीकडे हावड्यात एक कारखाना होता, तिथे असले खोके मशीनवर भराभर निघतात. तिच्या सर्वांत मोठ्या दुकानदाराने स्पष्ट सांगितलं होतं — दुर्गापूजेच्या हंगामाआधी मशीन आलं तर काम तुझं, नाहीतर हावड्याचं. सहा घरांची चूल त्या एका मशीनवर होती. अर्जात हे तिने सरळ, न रडता लिहिलं होतं.

घरभेटीला दोघांनी जायची पद्धत. त्या दिवशी सेनबाबूंचा गुडघा दुखत होता. ते आमच्यातले सर्वांत जुने, निवृत्त इंजिनीअर. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते.

गेले. खोलीत खळीचा वास, भिंतीला टेकवलेल्या खोक्यांच्या थप्प्या, खाली मांडी घालून बसलेल्या पाच जणी. मी दोन वाक्यं बोलले असेन नसेन — आणि कल्याणी हसली. छान, मोकळं हसली.

"दिदिमणी, आपनी तो बांगाली नन!"

बाई, तुम्ही तर बंगाली नाही! आणि मग कौतुकाने — हो, कौतुकानेच, तेव्हाही मला ते कळत होतं — म्हणाली की किती सुंदर बोलता, अगदी पुस्तकातल्यासारखं, बाहेरची माणसं एवढं कुठे शिकतात. बाहेरची! खाली बसलेल्या पाचही जणींनी माना वर केल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हसून माना डोलावल्या. सगळ्यांना पटलं होतं. उभ्या आयुष्यात जे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, ते या खोके चिकटवणाऱ्या बाईने दोन वाक्यांत ओळखलं होतं. मला ते जिव्हारी लागलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशा गोष्टीवरून. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि शोधून काढायचं म्हटलं तर ती आणखी एक लबाडी होईल.

मी हसले. पुस्तकातल्यासारखी हसले. चौकशा केल्या, वहीत टिपून घेतलं. तेवढ्यात शेजारणीने खिडकीतून काचेची बशी आत दिली — मी पाहिलं. कल्याणीने त्यात दोन संदेश, छेन्याची मिठाई, ठेवले, वर पिस्त्याचे काप. पाहुणी येणार म्हणून दुकानदाराने दिलेत, असं तिने स्वतःच भाबडेपणाने सांगूनही टाकलं. आपल्याकडे कुणी आलं की हातावर निदान साखर ठेवतात ना, तसंच आहे इथे. घरी आलेलं माणूस कोरड्या तोंडाने जाऊ द्यायचं नाही. मला ही रीत लहानपणापासून ठाऊक आहे. मी दोन्ही संदेश सावकाश, चवीने खाल्ले. पाणी प्यायले. आणि बशी खाली ठेवतानाच माझा अहवाल मनात तयार झाला होता.

घरी येऊन जेवले, मग लिहायला बसले. "घरात पाहुण्यांसाठी उंची मिठाई व काचेची भांडी आढळली. राहणीमान अर्जातील माहितीशी जुळत नाही. माहिती विश्वासार्ह वाटत नाही." रागाच्या भरात लिहिलं असं समजू नका. शांतपणे लिहिलं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, वाक्य जास्त चांगलं व्हावं म्हणून. शेवटी आणखी एक ओळ घातली — "अर्जदारास छाप पाडण्याची सवय दिसते." ती ओळ लिहिताना मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

बैठकीत सेनबाबू म्हणालेही, "अहो, मिठाई तर प्रत्येक घरी देतात. त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "माझा जन्म इथलाच आहे. रीत कुठली आणि देखावा कुठला, ते मला कळतं."

त्यांनी माझा अहवाल मिटून ठेवला. बाहेरच्या बाईला असं कसं म्हणायचं की तुला कळत नाही? सभ्य माणूस. मला ठाऊक होतं, ते वाद घालणार नाहीत. अर्ज नामंजूर झाला आणि त्यावर शेरा बसला. आता आमच्याकडचा एक नियम सांगते, जो अर्जदारांना कधीच सांगितला जात नाही — माहिती विश्वासार्ह नाही असा शेरा एकदा पडला की त्या घरी पुन्हा कुणी जात नाही. माणूस वर्षानुवर्षं अर्ज करत राहू शकतो. पण घरभेट नाही, म्हणजे अनुदानही नाही.

इथवर आले तेव्हा वाटलं होतं, झालं, सांगून संपलं. नाही संपलं. खरं तर सांगायचंय ते पुढचं आहे.

थोड्या दिवसांनी कल्याणी कचेरीत आली. जिन्यात मी एकटीच भेटले. भांडायला आली नव्हती. विचारायला आली होती — माझं काय चुकलं? सांगा, पुढच्या वेळी नीट करीन. या वेळी तर मला राग नव्हता. तिने काही म्हटलंही नव्हतं. नियम सांगता आला असता — बाई गं, आता इथे येऊ नकोस, दुसरीकडे बघ. तिचं एक वर्ष तरी वाचलं असतं. मी काय सांगितलं? सांगितलं की तुझ्या अर्जाचं दुसरं पान नीट भरलेलं नव्हतं. कामाचा अनुभव अपुरा लिहिलास. पुढच्या वर्षी तेवढं सुधार.

का सांगितलं असं? पुन्हा तिने घाम गाळावा आणि पुन्हा मी ते पाहावं — असंच असणार. दुसरं काय असेल? ती वाकून माझ्या पाया पडली. मी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या वर्षी अर्ज आला. दुसरं पान असं भरलं होतं की आमच्या शाळेतल्या हुशार मुलींनीही भरलं नसतं. कुणा मास्तरांकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलेलं. पाचही बायकांचे फोटो चिकटवलेले, प्रत्येकीच्या खाली नाव, किती वर्षं काम करते, कुठल्या मापाचा खोका तिला चांगला जमतो. एकीच्या नावाखाली लिहिलं होतं — हिला ऐकू येत नाही, पण हिचे कोपरे सर्वांत सरळ. सेनबाबूंनी ते पान बराच वेळ हातात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. शेरा माझाच होता; मी पुन्हा जाऊन येते — इतकंच म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं, जुना शेरा आहे, पुढचा घ्या.

पूजेचं काम त्याच्या आदल्या वर्षीच हावड्याला गेलं होतं. तिने उरलेल्या लहान दुकानांवर कसंबसं तग धरला होता, तो नव्या अर्जाच्या आशेवर. मग तोही सुटला. खोली बंद झाली. कल्याणी आता रोज बस बदलत बेहाल्याहून हावड्याला जाते, त्याच कारखान्यात मशीनने कापलेले खोके दुमडायला. पाच जणींपैकी एक कुणाच्या तरी घरी आजाऱ्याची आया आहे. बाकीच्या चौघींचं काय झालं, मी विचारलं नाही.

हे मला कळलं ते गेल्या महिन्यात. त्याच गल्लीत रुमा नावाच्या मुलीचा शिवणकामासाठी अर्ज होता आणि घरभेटीला मीच गेले होते. हो, मी अजून समितीवर आहे. रुमा घाबरलेली नव्हती. मला बघून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, कल्याणीदी सांगत होती, दिदिमणी येणार असतील तर काळजी करू नकोस, काय चुकलं ते तोंडावर खरं सांगणाऱ्या तिथे त्या एकट्याच आहेत.

मी विचारलं, "कोण कल्याणी?"

रुमा गोंधळली. तिने पूर्ण नाव सांगितलं, समोरचं कुलूप लावलेलं दार दाखवलं, कल्याणी आता कुठे कामाला जाते तेही सांगितलं. खोके करायची, दिदिमणी, तुम्ही आला होतात तिच्याकडे.

मी म्हटलं, इतके अर्ज येतात, कुणाकुणाला लक्षात ठेवणार? मग वही उघडली आणि रुमाच्या घरात काय काय आहे ते लिहून घ्यायला लागले.