नायिकेची मिशी

फाल्गुन वद्य पंचमी, रंगपंचमी. सकाळची वेळ. जागा: माझ्या काष्ठौषधींच्या दुकानाचा माळा. हजर: अध्यक्ष (निवृत्त फौजदार, आमच्या नाटकाचे लेखकही तेच); नायक (जातीचा तांबट, भांड्यांचे दुकान); पेटीवाले; आणि मी, सेक्रेटरी. गैरहजर: नायिका. कारण: ताप.

आमच्या हौशी नाटक मंडळाच्या त्या सभेचे वृत्त मी असे लिहिले होते. शेवटचा शब्द सोडला तर त्यात खोटे काही नाही.

नायिका म्हणजे आमचे ड्रॉइंग मास्तर. गळा गोड, कंबर बारीक, ओठ गुळगुळीत. मुंबईच्या बोलपटांत बायकांची कामे बायका करू लागल्या होत्या, पण ती सुधारणा घाट चढून आमच्या मंडळापर्यंत पोचली नव्हती. नाटक शनिवारवर आलेले. मास्तर नाहीत तर राजकन्या नाही, आणि राजकन्या नाही तर नाटक नाही.

म्हणून मी आधीच नियम करून ठेवला होता: नाटक होईपर्यंत कोणी रहाडीत उतरायचे नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो लाकडे आणि माती घालून बुजवलेला असतो, वरून बैलगाड्या जातात. रंगपंचमीला तो उकरायचा, धुवायचा, पूजा करायची, उकळलेल्या रंगाने भरायचा आणि त्यात उड्या मारायच्या. रंग इतका पक्का की चारपाच आंघोळींना दाद देत नाही. शिवाय प्रत्येक चौकाचा रंग ठरलेला. आमचा पिवळा, पलीकडच्या चौकाचा गुलाबी. त्यामुळे रंगपंचमीला कोण कुठे होता हे नाशकात कोणाला विचारावे लागत नाही.

नायक सभेला मानेपर्यंत पिवळा होऊन आला.

"नियम वाचला होतास ना?" मी विचारले.

"वाचला होता, सेक्रेटरी. मी उतरलो नाही. मला ढकललं."

"कोणी?"

"मीच सांगितलं होतं एकाला, ढकल म्हणून."

नायकाचे सोडून दिले. योद्ध्याला कसाही रंग चालतो. राजकन्येचे तसे नव्हते. दुपारी काढ्याचे सामान घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो.

दार मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी उघडले. आत, फाल्गुनातल्या त्या उकाड्यात, मास्तर डोक्यावरून गोधडी घेऊन पडले होते.

"त्यांना बोलवत नाही हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. रडू आवरण्यासाठी लावलेला पदर आणि हसू आवरण्यासाठी लावलेला पदर यांतला फरक मला दुकानात बसून कळू लागला आहे. हा दुसऱ्या प्रकारचा होता.

मी उशाशी बसलो. गोधडीच्या कडेला एक कान राहून गेला होता. कान गुलाबी होता.

"हा ताप माझ्या ओळखीचा आहे, वहिनी," मी म्हणालो. "पलीकडच्या चौकात साथ आलीय त्याची. आधी कान धरते."

कान आत गेला.

"यावर काडेचिराइताचा कडू काढा. वाटी वाटी, तीन वेळा."

"एकदाच द्या," गोधडी म्हणाली.

"प्यायला तोंड बाहेर काढावं लागेल, मास्तर."

गोधडी आधी हलली. मग तोंड बाहेर आले. ते गुलाबी असणार याची माझी तयारी होती. मिशीची नव्हती.

मिशी कोवळी होती, पण होती. तालमींना मास्तर उपरणे नाकापर्यंत ओढून का बसत होते ते आता कळले. मी समजत होतो, गळा जपतात.

मास्तर उठून बसले. "पाडव्याला पलीकडच्या मंडळाचं नाटक आहे. मला सेनापती दिलाय. त्यांच्याकडे मुख्य नटाने रहाडीत पहिली उडी मारायची असते, म्हणून गेलो होतो. तुमच्याकडे मी जन्मभर लुगडं नेसणार, सेक्रेटरी."

"अहो, सेनापतीच हवा ना? डिंकाची मिशी मी देतो की."

"डिंकाची ओळखू येते. गरम भजं खाल्लं की एक बाजू सुटते. मला सायखेड्याला घेऊन जाण्यासारखी हवी."

सायखेडा ही मास्तरांची सासुरवाडी. तिथे त्यांचे मेव्हणे त्यांना दाजी म्हणायचे सोडून 'ताई' म्हणत. गेल्या दिवाळीला त्यांनी पाटावर धोतरजोडीऐवजी चोळीचा खण ठेवला होता. सगळे घर हसले. मास्तरही हसले.

"आणि खणाचं काय झालं?" मी विचारले, कारण वस्तूचे पुढे काय झाले हे मला कळलेले बरे वाटते.

"पडून आहे तसाच," वहिनी म्हणाल्या. पदर आता तोंडावर नव्हता. "शिवायचा नाही मी. भाऊजी, तुमचं नाटक बुडालं तरी ती मिशी निघणार नाही. सांगून ठेवते."

मास्तरांशी मी भांडलो असतो. वहिनींशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी तिथेच बसून विचार केला. रंग भुकटीने झाकता येईल. मिशी झाकता येणार नाही. मग ती दाखवावी. आमच्या नाटकात तिसऱ्या अंकात राजकन्या शिपायाचा वेश घेऊन किल्ल्यात शिरते आणि शेवटी नायक तिची खोटी मिशी ओढून तिला ओळखतो. राजकन्या पहिल्या अंकापासूनच शिपायाच्या वेशात असली तर?

"अशक्य!" संध्याकाळच्या सभेत अध्यक्ष कडाडले. "पहिल्या अंकात वनविहाराचं पद आहे. मिशी लावून वनविहार?"

"शिकारीला निघालीय म्हणा."

"हातात कमळ आहे तिच्या!"

"कमळाऐवजी भाला देऊ. भाला आपल्याकडे आहे. कमळाचा देठ गेल्या वर्षीच मोडलाय."

फौजदारांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, हे आपल्याला मुळापासूनच सुचले होते, पण मंडळ कच्चे म्हणून लिहिले नाही. शेवटचा प्रवेश तेवढा बदलला. नायकाने मिशीला नुसता हात लावायचा. मास्तरांनी पाठ फिरवून फेटा सोडायचा, आतल्या टोपाचे लांब केस पाठीवर पडतील, ओळख पटेल. हे मी नायकाला दुकानात जाऊन सांगितले. तो एक हंडा ठोकत होता. "हात लावायचा, ओढायचं नाही," असे त्याच्याकडून वदवूनही घेतले.

शनिवारी दिवेलागणीला पडदा उघडला. वहिनींनी निरोप धाडून भावांना पाडव्याची वाट न बघता बोलावून घेतले होते. दोघेही धिप्पाड, पहिल्या रांगेत. बायका डावीकडे, चिकाच्या म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड. मागे पलीकडच्या चौकाची मंडळी, आमची फजिती बघायला आलेली.

मास्तर आले. भुकटी तोंडाला पुरली होती, कानांना पुरली नव्हती. मागून आरोळी आली, "आमचा रंग! आमचा रंग!" आमचा चौक ओरडला, "गळा आमचा!" फौजदार विंगेत छातीवर हात ठेवून उभे. पण मास्तरांनी भाला टेकवून वनविहाराचे पद असे म्हटले की दोन्ही चौक गप्प झाले. मेव्हण्यांपैकी थोरला धाकट्याला म्हणाला, "ताईनं मिशी बरी चिकटवलीय रं." हे मला विंगेत ऐकू आले, म्हणजे मास्तरांनाही आले असणार.

शेवटचा प्रवेश. नायक पुढे झाला. आता तोंडाने 'हात लावायचा' म्हणणारा माणूस वेगळा आणि महिनोन्महिने तालमीत मिशी ओढत आलेला हात वेगळा. त्यातून तो तांबटाचा हात. त्याने चिमटीत धरून मिशी खेचली.

मिशी आली नाही. मास्तर आले. अख्खे मास्तर मिशीमागून पुढे आले आणि राजकन्येच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात ओरडले, "मेल्या, सोड!"

नायकाला वाटले, डिंक जास्त झाला. त्याने दुसरा हात लावला.

तेव्हा चिकाचा पडदा हलला आणि आतून वहिनींचा आवाज आला. खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट:

"अहो, ओढू नका! खरी आहे ती!"

मग थोरला मेव्हणा उठला, रंगमंचाच्या कडेला जाऊन निरखून पाहू लागला आणि लोकांकडे वळून साक्षीदारासारखा बोलला, "आरं, खरीच हाय की! लय खरी हाय! दाजी, सोडायची नाय!"

दाजी. मी मास्तरांकडे पाहत होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि भुकटीत दोन गुलाबी रेघा उमटल्या होत्या. पाणी मिशीमुळे आले की त्या शब्दामुळे, हे मी विचारले नाही.

पुढची पाच मिनिटे काही ऐकू येत नव्हते. दोन्ही चौक 'वन्समोअर' ओरडत होते, पदाला नव्हे, ओढण्याला. मास्तर दोन्ही हातांनी ओठ झाकून उभे. नायक आपल्या बोटांकडे बघत होता. मी पेटीवाल्यांना खूण केली आणि पडदा टाकला. केसांचा टोप फेट्यातच राहिला. राजकन्येची ओळख पटली की नाही हे त्या नाटकात शेवटपर्यंत कळले नाही, आणि कोणी तक्रारही केली नाही.

पाडव्याला आम्ही सगळे पलीकडच्या चौकात सेनापती बघायला गेलो. काम बेताचेच झाले. मास्तर तलवार कमळासारखी धरत होते. पण मिशी उत्तम होती. पुढच्या दिवाळीला पाटावर धोतरजोडी आली. हे वहिनींनी मला मुद्दाम दुकानात येऊन सांगितले.

आमची मात्र नायिका गेली. 'नवी नायिका शोधणे' हा विषय सभेपुढे येणार हे बाहेर फुटले आणि पंधरा दिवसांत मंडळातला एकही ओठ मोकळा राहिला नाही. पेटीवाल्यांनीसुद्धा मिशी ठेवली. शेवटी फौजदारच म्हणाले, "आता बाईच हवी. काळ बदललाय."

"कोणाची बाई?" नायकाने विचारले. सगळे आपापल्या वहाणांकडे बघू लागले.

"आवाज तर सगळ्या गावाने ऐकलाय," फौजदार म्हणाले. "शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तालमीची गरज नाही."

ठराव झाला: मास्तरांच्या पत्नींना विचारावे. जबाबदारी: सेक्रेटरी.

त्यानंतर मी त्यांच्याकडे बऱ्याचदा जाऊन आलो. प्रत्येक वेळी चहा होतो, चिवडा होतो, मास्तर मिशीला पीळ देतात. वहिनी विचारतात, "काही काम होतं का, भाऊजी?" मी काढ्याची चौकशी करतो आणि परत येतो. बाकीचे सगळे उरकले: पडदे धुतले, भाला रंगवला, कमळाला नवा देठ बसवला. विचारायचे तेवढे राहिले आहे.