नाताळात बिघडणारं पेप्टाइड

अंडी घेताना साळवेबाई आधी विचारत, “कोंबडी खाते काय?” बेलापूरच्या बाजारात अंडीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसत. एकीने तर सुनावलं, “मास्तरीनबाई, अंडं खायचं हाय का सोयरीक जमवायची हाय?” बाई हसल्या नाहीत. “सोयरीकच समज,” म्हणाल्या आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

मार्था साळवे आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. कॉलेज सांभाळून बाई पुण्याला पीएच.डी. करत होत्या. अंड्याच्या बलकातली चरबी वेगळी काढायची, डोळ्यांना न दिसणाऱ्या तिच्या पिशव्या पाण्यात बनवायच्या आणि त्यात प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा, पेप्टाइड, सोडायचं. साध्या पाण्यात ते पिशवीबाहेर लोळत पडे. आम्ल घातलं की पिशवीच्या पडद्यात घुसे. घुसलं की पुण्याच्या यंत्रात त्याचा प्रकाश निळ्याकडे सरके. किती आम्लाला ते आत जातं, एवढंच बाई मोजत.

आणि दर डिसेंबरात ते पेप्टाइड बाईंना तोंडघशी पाडी. कमी आम्लातच खुशाल आत शिरे. पुण्याचे मार्गदर्शक सर वैतागले. “तुमचा हात साफ नाही. हे प्रकरण प्रबंधातून काढा,” म्हणाले. मुख्य प्रकरणच ते! ते काढलं तर उरलं काय, कपाळ? बाई मात्र बसमधून उतरल्या त्या मला एवढंच म्हणाल्या, “नंदे, माझा हात नाताळातच कसा गं घाण होतो?”

उत्तर त्यांनाच सापडलं, तेही केकचं पीठ फेटताना. नाताळात आमच्याकडची ख्रिस्ती घरं आपापलं सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर केक भाजायला जातात. पोल्ट्रीच्या अंड्यांचे ट्रे आधीच बुक होतात, दुकानात अंडं मिळत नाही. तेवढ्या दिवसांत बाई आपल्या आईच्या खुराड्यातली गावरान अंडी प्रयोगाला वापरत. अंडं ते अंडं, असं त्यांनी धरलं होतं. पण आईच्या कोंबड्या दिवसभर परसात किडे आणि घोळाची भाजी टिपत, पोल्ट्रीतल्या कोंबड्या पोत्यातलं खाद्य खात. खाणं वेगळं, म्हणून बलकातली चरबी वेगळी, म्हणून पडदा सैल. “पेप्टाइड तेच, आम्ल तेच. पण दार कुणाचं आहे ते नको बघायला?” बाई म्हणाल्या. मी त्यांना असं खुललेलं तेव्हाच पाहिलं. बाजारात कोंबडीचं खाणं विचारायची सवय त्यांना लागली ती तेव्हापासून.

सरांनी एक संधी दिली. दोन्ही अंडी एकाच दिवशी, त्यांच्या समोर. आणि त्याच आठवड्यात बाईंची आई गेली.

बाई रडल्या नाहीत. दफनाला नाही, घरी नाही. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला काष्टीहून आईच्या माहेरची मंडळी आली. मामा परसात जाऊन आले. “मार्थे, कोंबड्या कापू का? पाव्हनं लांबून आल्यात, उपाशी जायला नगं.”

मी बाईंच्या कानाशी लागले, “अहो बाई, तुमचं प्रकरण!”

“लोकांना काय वरण वाढू?” त्या म्हणाल्या, आणि मामांना, “कापा. मी आजची अंडी तेवढी काढून घेते.”

मला त्यांचा राग आला. असं कोरडं माणूस असतं का? त्या खुराड्यात वाकल्या, अंडी पदरात घेतली आणि स्वयंपाकाला लागल्या. रात्री मला म्हणाल्या, “मला काहीच वाटत नाहीये गं. जीभ भाजल्यावर कसं होतं, तसं झालंय.”

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी त्या अंड्यांचे बलक वेगळे केले. चरबी काढून, थर्मासमध्ये बर्फात ठेवून एस.टी.ने पुण्याला नेली. सरांनी शेजारी बसून दोन्ही पिशव्यांची मोजणी पाहिली. गावरान पडद्यात पेप्टाइड लवकर शिरलं, पोल्ट्रीच्या पडद्यात उशिरा. सरांनी आलेख स्वतःच्या हाताने फाइलला लावला. “ठेवा प्रकरण,” म्हणाले.

परत आल्यावर बाईंनी मला हे सांगितलं, आज कोणता वार ते सांगावं तसं. मी आनंदाने त्यांचा हात धरला, तर तो नुसता माझ्या हातात पडून राहिला. मग त्यांनी प्रयोगशाळेचा फ्रिज उघडून स्टीलचा डबा काढला. प्रयोगाला बलकच लागे. उरलेलं पांढरं टाकवत नाही म्हणून त्या डब्यात भरून घरी नेत, त्यांची म्हातारी आई त्याची भुर्जी करून खाई. डबा पर्समध्ये घालून बाई निघाल्या. मी बरोबर होते.

कॉलेजच्या फाटकापाशी त्या थांबल्या. पर्स उघडून डब्याकडे बघत राहिल्या.

“नंदे,” म्हणाल्या, “हे मी कुणाला नेतेय गं?”