सही सरांची, चूक माझी

बसवंतराव मुळे सरांच्या बीदरच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात नवी सनद होती आणि पायांत नव्या, चावणाऱ्या चपला. वडील बीदरजवळच्याच कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला. वकिलांच्या घराशी आमचा काही संबंध नव्हता. सरांनी माझी गुणपत्रिका न उघडताच बाजूला ठेवली आणि विचारले, "घरी भांडतीस कोणत्या भाषेत?"

"मराठीत. शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये."

"मग उद्यापासून ये," सर म्हणाले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी जाणकार लिहितीलच. कलबुर्गीच्या विधी महाविद्यालयात त्यांनी घडवलेले विद्यार्थी, मातृभाषेतल्या शिक्षणाच्या हक्कावरचे त्यांचे पुस्तक, नौबादच्या घरी दर रविवारी चालणारा संविधानाचा वर्ग, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्गात चहा सर स्वतः करीत आणि तो फार गोड होई, एवढीच माझी भर. मला आज एका प्रकरणाविषयी लिहायचे आहे. त्या प्रकरणात सरांच्या नावाला लागलेला बोल खरे तर माझा आहे आणि तो मी सोळा वर्षे त्यांच्या नावावर राहू दिला.

सरांचा एक दंडक होता. उच्च न्यायालयातली याचिका इंग्रजीत असे. ती दाखल करण्याआधी पक्षकाराला त्याच्या भाषेत, ओळ न ओळ, समजावून सांगायची. पक्षकार प्रत्येक ओळीला नुसताच "व्हय साहेब" म्हणाला, तर सर कागद मिटून म्हणत, "आता तुमी सांगा, मी ऐकतो." माणसाने निदान एकदा तरी आपल्याला अडवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. आम्हा ज्युनिअरांना या प्रकाराचा फार कंटाळा येई.

महानंदाबाई औराद तालुक्यातल्या एका गावच्या बौद्ध घरातल्या. शाळेत दुपारचा स्वयंपाक करण्यासाठी त्यांची रीतसर नेमणूक झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांना काढून टाकले गेले. मुले त्यांच्या हातचे खात नाहीत, असे कारण सांगितले गेले. अस्पृश्यता संविधानाने बंद केली आहे, तेव्हा हे काढणे बेकायदा ठरते, अशी आमची याचिका होती. मसुदा मी लिहिला. न्यायालयाला सुट्टी लागणार होती, मला घाई होती आणि औरादला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडला असता. सरांनी फोनवर विचारले, "अक्कांना वाचून दाखवलीस?" मी म्हटले, "व्हय सर." माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

सुनावणीच्या दिवशी कलबुर्गीला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या व्हरांड्यात सर सवयीप्रमाणे महानंदाबाईंजवळ बसले आणि याचिका मराठीत सांगू लागले. 'मुलांनी अन्न नाकारले' या वाक्यापाशी बाईंनी त्यांना थांबवले.

"न्हाई साहेब. लेकरं तर जेवायलती. मोठ्यांनी येऊन दंडाला धरून उठवलं. लेकरांवर कामून घालायलाव?"

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

आत जाऊन सर उभे राहिले आणि म्हणाले की आपल्याच याचिकेत एक वाक्य खोटे आहे, ते लहान मुलांवर अन्याय करणारे आहे, दुरुस्तीसाठी वेळ मिळावा. न्यायमूर्तींनी भर न्यायालयात सुनावले, "एवढी वर्षे संविधान शिकवता आणि स्वतःची याचिका वाचत नाही?" समोरचे वकील हसले. सर म्हणाले, "चूक माझी आहे." पुढची तारीख मिळाली. तोपर्यंत महानंदाबाईंना कामावाचून घरी बसावे लागणार होते आणि त्याला कारण मी होते.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते. आता ऑफिसातून नाव निघणार, हे मी धरूनच चालले होते. हुमनाबाद गेल्यावर सर म्हणाले, "उद्या अक्कांच्या गावाला जा. वाचून दाखव. त्या जेवायला थांब म्हणतील, तर थांब." दुसऱ्या दिवशी मी गेले. बाईंनी आणखी दोन चुका दाखवल्या आणि मग मला जेवू घातले.

दुरुस्त केलेल्या याचिकेने सगळे प्रकरण पालटले. मुलेच खात नाहीत तर आम्ही काय करणार, ही शाळेची सबब होती. आमच्या पहिल्या मसुद्याने ती फुकटात मान्य करून टाकली होती. मुले जेवत होती हे समोर येताच त्या सबबीला आधार उरला नाही. बाई कामावर परत आल्या. त्या दुपारी सर गुडघे धरत मुलांच्या पंगतीला मांडी घालून बसले आणि त्यांनी वरण दोनदा मागून घेतले.

पण न्यायमूर्तींचे ते वाक्य वकील मंडळींच्या तोंडी राहिले. अजूनही चहाच्या टपरीवर कुणीतरी ते चवीने सांगतो आणि मी मुकाट ऐकते. एकदा खरे काय ते सांगते म्हटले, तर सरांनी मला गप्प केले. "आगं माय, तुझी वकिली नवी हाय. माझी जुनी झालीय, डाग पडला तर दिसत न्हाई." मी ते सोयीने ऐकले. आता माझी वकिलीही जुनी झाली आहे, म्हणून इथे लिहून ठेवते: ती याचिका मी वाचून दाखवली नव्हती, आणि दाखवली असे मी सरांना खोटे सांगितले होते.

हा लेख मी सरांना न विचारता छापायला दिला आहे. तो वाचून ते नक्की चिडतील, मला बोलावतील आणि कधी नव्हे ते चांगले झापतील. त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो, प्रकृती ठणठणीत राहो आणि मला झापायला ते आणखी खूप वर्षे समोर असोत. सोळा वर्षांचे झापणे बाकी आहे.