हिरामणच्या गिटारीचा आवाज नेमका कोणता?

चार जुनी माणसं एकत्र बसली की किस्से कोणी आठवून काढत नाही. एकाचा निघाला की त्याला चिकटून दुसऱ्याचा येतो, मग तिसऱ्याचा, आणि तेवढ्यात चहा थंड होतो. आमच्या वणीच्या ऑर्केस्ट्राचं तसंच आहे. साठ सालाच्या आगेमागे आम्ही चौघं होतो. नारायण मास्तर पेटी वाजवायचे आणि गायचे. मी बोंगो बडवायचो. कादीरभाईंचं लाउडस्पीकरचं दुकान, म्हणून अँप्लिफायर त्यांचा. आणि हिरामण राठोड गिटार वाजवायचा. विजेवरची! आजूबाजूला तशी दुसरी कोणाकडे नव्हती. तरी आमचे निम्मे किस्से गाण्यांचे नाहीतच, त्या गिटारीचा आवाज कसा असावा यावरच्या भांडणांचे आहेत. अन् खरं सांगतो, ते भांडण काय होतं हे मला आजही नीट समजलेलं नाही.

*

हिरामण मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा, राजूरच्या कोळसा खाणीत वायरमन. नागपूरहून गिटार आणली ती गोधडीत गुंडाळून. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, की आवाज लांबत जायचा. अँप्लिफायरला एक बटण होतं. डावीकडे फिरवलं की आवाज जाड, उजवीकडे फिरवलं की बारीक. बस, एवढंच. पण पहिल्याच दिवशी हिरामणनं सांगून टाकलं, "मले असा आवाज पाहिजे, का माणसानं डोये मिटून म्हटलं पाहिजे, हा हिरामण!"

आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याला ते खरोखरच पाहिजे होतं, भुकेल्याला भाकर पाहिजे असते तसं.

*

पहिल्या वर्षी त्याला गोड आवाज पाहिजे होता. गोड म्हणजे बटण पार डावीकडे. राजूरच्या गणपतीत आम्ही वाजवलं, आणि हिरामण स्वतःच्याच आवाजावर इतका खूश की डोळे मिटून डोलत होता. मध्यंतरात एक म्हातारे काका स्टेजमागे आले. मास्तरांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, या पोराला सर्दी केव्हापासून आहे?

*

पुढच्या वर्षी गोड शब्द काढला की हिरामण चिडायचा. रेडिओवर त्यानं काहीतरी ऐकलं होतं म्हणे. आता तिखट पाहिजे. बटण पार उजवीकडे. मी म्हटलं, अरे, तुझा तो गोड आवाज कुठं गेला? तर म्हणतो, तो लहान पोराचा आवाज होता. वर्षभरात हा मोठा झाला!

नेरला कार्यक्रम होता. पुढच्या खुर्चीवर गावचे पाटील. हिरामणनं कांडी वरच्या सुरावर नेली आणि पाटील गाल धरून उठले. आम्हाला वाटलं, रागावले. ते बिचारे रागावले नव्हते. त्यांची दाढ ठणकायला लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उपटून घेतली आणि मास्तरांना निरोप धाडला, की पोराले सांगा, आभारी आहो, तीन महिन्यांपासून टाळून राह्यलो होतो.

हिरामणला हे कौतुक वाटलं. मास्तरांना नाही वाटलं. मी मधल्यामध्ये.

*

मग आली विहीर. त्या वर्षी गोडही नको होतं आणि तिखटही नको होतं. आवाज "खोल" पाहिजे होता. एकदा वाजवला की दोनदा ऐकू यावा. कादीरभाईंनी परोपरीनं समजावलं की बाबा, आपल्या अँप्लिफायरमध्ये असं काही नाही. हिरामण ऐकेना. मारेगावच्या ज्या पटांगणात कार्यक्रम होता, त्याच्या कडेला एक कोरडी विहीर होती. हिरामणनं दोर आणला आणि कादीरभाईंचा एक भोंगा विहिरीत सोडला.

आवाज खोल आला, नाही कशाला म्हणू. असा आला की पहिल्या गाण्यालाच लोक खुर्च्या उचलून विहिरीभोवती जाऊन बसले. आमच्याकडे पाठ! नारायण मास्तर जीव तोडून गात होते आणि समोर फक्त रिकामी सतरंजी. गाणं संपलं तेव्हा लोकांनी विहिरीत वाकून टाळ्या वाजवल्या.

मास्तर त्या दिवसापासून विहिरीचं नाव काढलं की पाणीसुद्धा पीत नसत.

*

कादीरभाई शांत माणूस, पण त्यांचाही जीव मेटाकुटीला आला. हिरामण दर दोन गाण्यांनी मान वळवायचा, थोडं बारीक करा, थोडं जाड करा. शेवटी कादीरभाईंनी एक युक्ती काढली. हिरामणनं सांगितलं की ते अँप्लिफायरवर वाकायचे, बटणाला हातही लावायचे नाहीत, खाकरायचे आणि विचारायचे, आता? हिरामण म्हणायचा, हां, आता आला.

हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पुढे महिनाभरानं कादीरभाई माझ्याकडे आले. चेहरा गोंधळलेला. म्हणाले, "यार, त्या दिवशी मी खाकरलो तवा जो आवाज आलता ना, तो सच में भारी होता. आता काही केल्या येऊन नाही राह्यला."

 

*

यानंतर मास्तरांनी परीक्षा घ्यायची ठरवली. एकदाचा सोक्षमोक्ष. कादीरभाईंच्या दुकानात पडदा लावला. पडद्याआड हिरामण आणि मी. ओळखीचे दहा-बारा लोक बाहेर बसवले. आधी हिरामणनं वाजवलं, मग मी कांडी धरून उगीच दोन तारा ओढल्या. मला तर गिटार कशी धरतात तेही माहीत नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, यातला हिरामण कोणता? सगळ्यांनी एकमतानं सांगितलं, दुसरा!

या वेळी मात्र कोणी हसलं नाही. हिरामणनं गिटार गोधडीत गुंडाळली आणि सायकलला बांधून तांड्यावर निघून गेला. मला फार वाईट वाटलं. त्याची पाच वर्षांची धडपड मी दोन तारांत मातीत घातली होती. खाणीत जाऊन दोनदा भेटलो, पण गिटारीचा विषय काढला की तो वायरी उचलून कामाला लागायचा.

*

उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचं, सेवंतीचं लग्न निघालं. आई लवकर गेलेली, त्यामुळे तिला हिरामणनंच लहानाची मोठी केलेली. तांड्यावर नवरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. म्हणजे एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून, गाण्यात गुंफून रडायचं. हिरामणनं निरोप पाठवला, की ती जाताना मी वाजवणार आहो, तुम्ही या. आम्ही तिघंही गेलो.

तांड्यावर वीज नव्हती. कादीरभाईंचा एक जुना, बॅटरीवरचा अँप्लिफायर हिरामणकडेच पडून असायचा. रोज संध्याकाळी खाणीतून आला की तो घरी त्यावरच रियाज करायचा. सुरू केला की त्यातून आधी नुसती घरघर यायची, मग गिटार. पाहुण्यांसमोर ती घरघर नको, म्हणून कादीरभाई सकाळपासून स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते. ती काही जाईना.

निघायची वेळ झाली. सेवंतीचा घुंगट पार गळ्यापर्यंत. तिला समोरचं काही दिसत नव्हतं, बायका हाताला धरून एकेकापुढे नेत होत्या. ती मामाच्या गळ्यात पडून गात होती. हिरामण कडेला खाटेवर गिटार मांडीवर घेऊन बसलेला, भोंगा खाटेच्या पायालाच बांधलेला.  कोणता आवाज लावायचा हे त्यानं अजून कादीरभाईंना सांगितलंच नव्हतं.

कादीरभाईंनी बॅटरीची वायर जोडली. भोंग्यातून घरघर सुरू झाली. हिरामणची कांडी हवेतच होती, तारेला टेकली नव्हती.

सेवंती गाता गाता थांबली. मामाला तिनं अर्ध्यातच सोडलं, बायकांचे हात सोडवले, आणि घुंगट न उचलता सरळ त्या घरघरीकडे चालत आली. "भिया" म्हणून तिनं भावाच्या गळ्यात पडून असा सूर काढला की आम्ही सगळे खाली बघायला लागलो.

कादीरभाई ओशाळले. घरघर बंद करायला ते वाकले, तर हिरामणनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, कादीरभाई," तो म्हणाला. "तो मीच आहो."