शेवटचं पाणी ताकाचं

लाखांदूरच्या बायकांच्या गटानं दह्याचं युनिट काढलं, तेव्हा साफसफाई कुणाकडे द्यायची यावर चर्चा झालीच नाही. रुखमिणीबाईंइतकं धुणारं माणूस तालुक्यात शोधून सापडलं नसतं. दुसऱ्यानं घासलेलं भांडं त्यांच्या लेखी खरकटंच. त्यांचे यजमान घनश्याम धानाच्या बांधीतून परतले की निमूट अंगणात उभे राहत, कारण पायांची तपासणी झाल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता. अशा बाईच्या राज्यात दही नासेल असं म्हणायची कुणाची छाती होती?

आणि ऐन लग्नसराईत दही लागेना. दूध तापवून कोमट करायचं, नागपूरहून आलेल्या पाकिटातलं विरजण घालायचं, रात्रभर झाकून ठेवायचं. आणि सकाळी बघावं तर दुधाचं दूध. विरजण घालायचं काम होतं रुखमिणीबाईंच्या नव्या सुनेकडे, तृप्तीकडे. ती चिखल्याची. बाप मॅंगनीजच्या खाणीत, राहणं कॉलनीत. कॉलनीतल्या पोरींना दही फक्त पिशवीतलं माहीत, असं गटातल्या बायका तिला हसत हसत ऐकवायच्या. दही बिघडल्यावर त्यांचं हसणं तेवढं थांबलं.

विरजण पुरवणाऱ्या कंपनीचा वीरेंद्र येऊन दही लावायची टाकी बघून गेला. म्हणाला, "मावशी, दुधाचं दही करणारे जिवाणू असतात ना, त्यांनाच खाणारा एक विषाणू इथं शिरलाय. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण दही होऊ देत नाही. तो जुन्या दह्यात, ताकात राहतो आणि तिथून टाकीला चिकटतो. टाकी साबणानं घासा, मग क्लोरीनच्या पाण्यानं धुवा, आणि शेवटचं पाणी उकळून थंड केलेलं घ्या."

रुखमिणीबाईंनी त्यातलं 'घासा' आणि 'धुवा' तेवढं मनापासून ऐकलं. क्लोरीनचा वास मात्र त्यांना सोसवेना. असल्या टाकीत लावलेलं दही खायचं म्हणजे दवाखान्यात बसून जेवल्यासारखं. त्यांच्या माहेरी नवं मडकं आणलं की मातीचा वास ताकानं मोडत. म्हणून त्यांनीही सगळं धुऊन झाल्यावर टाकीला वरून ताकाचा हात फिरवला. ताक घरचंच, म्हणजे युनिटमधल्याच जुन्या दह्याचं. वास गेला, टाकी चकचकीत झाली, बाई खूश.

तृप्ती म्हणाली, "आई, ते भाऊ म्हणत होते का तो विषाणू ताकातच रायते."

"तू आता मले धुवाले शिकवशील काय?" रुखमिणीबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

दही काही लागलं नाही. वीरेंद्रनं फोनवर क्लोरीन वाढवायला सांगितलं. क्लोरीन वाढलं तसा वास वाढला, आणि वास वाढला तसं बाईंनी ताकही वाढवलं. मेहनत म्हणाल तर डोंगराएवढी. हात सोलले, नाक झोंबलं, पण बाई मागे हटल्या नाहीत. विषाणूची इतकी सरबराई दुसऱ्या कुणी केली नसेल.

एवढं धुऊनही दही लागेना म्हटल्यावर दोष धुण्यात नाही, हे उघडच होतं. गटातली गिरजाबाई एक दिवस म्हणून गेली, "सुनेच्या हाताले गुण नाई वाटते." झालं. ते बोलणं बाजारात गेलं, एसटीत बसलं आणि पार चिखल्याला पोचलं. तृप्तीला विरजणावरून काढून डब्यांना लेबलं चिकटवायला बसवलं. घरीही दह्याच्या भांड्याला तिचा हात लागू देईनात. एकदा दुपारी ती रडत रडत लेबलं लावत होती, तर सगळी वाकडी लागली. रुखमिणीबाई त्या वाकडेपणावरून तिला बोलल्या. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, नाही असं नाही, पण माघार घ्यायची सवय नव्हती.

मग नाकाडोंगरीला भाचीचं लग्न निघालं आणि रुखमिणीबाईंना जावं लागलं. एका लग्नाच्या दह्याची ऑर्डर अंगावर होती, म्हणून नाइलाजानं गिरजाबाईनं सगळं तृप्तीवर सोपवलं. पोरीनं वीरेंद्रच्या सांगण्याप्रमाणे धुतलं, शेवटचं पाणी उकळलेलं घेतलं, आणि ताक पिऊन टाकलं. सकाळी दही असं लागलं की चमचा उभा राहिला.

रुखमिणीबाई परतल्या आणि दही पाहून म्हणाल्या, "मी जायच्या आधी धुतलं होतं ना, त्याचंच हे." त्या संध्याकाळी टाकी पुन्हा त्यांनीच धुतली, अगदी पोटच्या पोरासारखी, आणि शेवटी ताक. तृप्ती दारात उभी राहून बघत होती. सकाळी झाकण काढलं तर दूध.

टाकीभोवती सगळ्या बायका गोळा झाल्या. ताकाची बादली अजून कोपऱ्यातच होती. रुखमिणीबाईंना सगळं कळून चुकलं. तेवढ्यात गिरजाबाई म्हणाली, "म्हणजे गुण तृप्तीच्याच हाताले हाय." बाईंचा जीव भांड्यात पडला. ताकाचं नाव न निघता सगळं निभत होतं. त्या लगेच म्हणाल्या, "हाय तं. माझ्या सुनेच्या हाताले गुण हाय."

"मले गुण नको, आई," तृप्ती हळूच म्हणाली. "आज द्याल तं उद्या काढून बी घ्याल. जे होतं ते सांगा."

रुखमिणीबाईंनी बादली उचलली, बाहेर नेऊन नालीत रिकामी केली आणि आत आल्या. "ताक होतं," त्या म्हणाल्या. "मीच ओतत होती." मग पदराला हात पुसून त्यांनी स्वतःहून चिखल्याला फोन लावला. "विहीणबाई, तुमच्या पोरीच्या हाताचं काही नव्हतं. मी टाकी धुऊन झाल्यावर वरून ताकानं धूत होती."

पलीकडून विहीणबाईंनी विचारलं, "धुतलेली टाकी ताकानं? काहून?"

रुखमिणीबाईंनी फोन तृप्तीपुढे धरला आणि म्हटलं, "धुण्याचं आता तूच सांग."